छोट्या विमानतळांवरून प्रवास : भरवसा कितपत ठेवावा?

क्लाइडकाठ

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आई-बाबा कुडाळहून आमच्याकडे ग्लासगोला येणार आहेत. बाबांना बोटी, समुद्र आणि विमाने या तिन्हींचे वेड असल्यामुळे त्यांना स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बॅरा या बेटावर न्यावे, असा विचार आहे. ग्लासगोहून तिथे जाणारे ट्विन ऑटर हे एकोणीस आसनांचे विमान डांबरी धावपट्टीवर न उतरता थेट पुळणीवर उतरते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या घट्ट, ओल्या वाळूवर तीन धावपट्ट्या आखलेल्या आहेत, त्यांच्या टोकांना लाकडी खांबांच्या खुणा आहेत आणि भरती आली की त्या तिन्ही पाण्याखाली जातात. साहजिकच विमानाचे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरते. १९३६ पासून ही नियमित सेवा अशीच चालू आहे. दुसरा मार्ग म्हणजे ओबान बंदरातून बोटीने पावणेपाच तासांचा प्रवास.

प्रश्न दोन आहेत. पहिला अगदी व्यवहाराचा : सत्तरीच्या पुढच्या माणसांना घेऊन विमानाने जावे की बोटीने? दुसरा जरा व्यापक आहे. मला स्वतःला छोट्या विमानतळांवरचा प्रवास मनापासून आवडतो, कारण तिथे रांगा नसतात, गोंगाट नसतो आणि कर्मचारी प्रवाशाकडे माणूस म्हणून पाहतात. बाबांचे मत मात्र असे की विमान प्रत्यक्ष आकाशात दिसेपर्यंत ते आहे असे धरूच नये. आपणांपैकी ज्यांनी खेड्यापाड्यांतल्या किंवा बेटांवरच्या विमानतळांवरून प्रवास केला आहे, त्यांनी आपला अनुभव आणि मत दोन्ही कृपया लिहावे.

उगाच_एक

बाबांशी सहमत. बाकी चालू द्या.

एटीआर_प्रेमी

क्लाइडकाठ, चांगला विषय काढलात. आपल्याकडच्या छोट्या विमानतळांवर बहुधा एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान येते, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामानाचा कप्पा पुढे, वैमानिकांच्या कक्षामागे असतो. त्यामुळे पहिल्या रांगेसाठी जादा पैसे मोजणारा प्रवासी उतरताना सर्वांत शेवटी उतरतो. विमान थांबले की कर्मचारी शेपटीखाली एक टेकू लावतात. लोक मागच्या बाजूला गर्दी करून उभे राहिले, तरी विमान मागे कलंडू नये यासाठी ही सोय असते. मोठ्या विमानतळावर बसमधून उतरून घाईघाईने चढताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. छोट्या ठिकाणी आपण चालतच विमानापर्यंत जात असल्यामुळे ते डोळ्यांसमोर घडते. पंख वरच्या बाजूला असल्याने खालचा प्रदेशही छान दिसतो.

आता भरवशाविषयी. छोट्या विमानतळावरची उड्डाणे रद्द होण्यामागे कोणाचा आळस असतोच असे नाही. ढग खाली असताना किंवा दृश्यता कमी असताना विमानाला धावपट्टीपर्यंत नेमके आणणारी यंत्रणा अनेक ठिकाणी बसवलेली नसते, त्यामुळे मोठ्या विमानतळावर सहज उतरता येईल अशा हवेतही इथून परत फिरावे लागते. शिवाय एकच विमान दिवसभरात चार-पाच गावे करते, म्हणजे सकाळी कुठे तरी तासाभराचा उशीर झाला की तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. आणि विमानतळाचे ‘वॉच अवर्स’ ठरलेले असतात. त्या वेळेनंतर नियंत्रण कक्षच बंद होणार असेल, तर उशिरा निघालेले विमान तिथे पाठवता येत नाही.

घाटमाथा

माहिती उत्तम आहे, पण मूळ प्रश्न बाजूला राहतो. बॅरासारख्या बेटाला विमानतळ लागतो, कारण त्याच्या चारही बाजूंना पाणी आहे. आपल्याकडे मात्र जिल्हा तिथे विमानतळ ही प्रतिष्ठेची बाब झाली आहे. उद्घाटनाला मंत्री येतात, पहिल्या विमानावर पाण्याचे फवारे उडतात, स्थानिक वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती येतात. पुढे दोन वर्षांनी तिथे काय चालले आहे, हे कोणी विचारत नाही. ज्या जिल्ह्यातून रेल्वे जाते, महामार्ग जातो, तिथे हा पैसा एसटीवर खर्च केला असता तर अधिक लोकांची सोय झाली असती.

कुडाळकर_सध्या_पुणे

घाटमाथा, आपल्या नावाप्रमाणे आपण वरून पाहत आहात! सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, त्याआधी कितीतरी वर्षे आम्ही त्याची वाट पाहत होतो. धावपट्टी अडीच हजार मीटरची आहे, म्हणजे तिथे एटीआरच काय, मोठे जेट विमानही उतरू शकते. मुंबईची सेवा केंद्र सरकारच्या ‘उडान’ या अनुदान योजनेखाली होती. त्या योजनेची तीन वर्षांची मुदत २०२४ च्या ऑक्टोबरात संपली आणि मुंबईचे विमान थांबले. दरम्यान २०२३ च्या जानेवारीत पलीकडे गोव्यात मोपा विमानतळ सुरू झाला होता. सावंतवाडीच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर आहे, तिथून दिवसभर विमाने आहेत, मग त्याने चिपीला का यावे?

तरीही चिपी म्हणजे शोभेची वस्तू, असे मी म्हणणार नाही. ज्यांना दोनच दिवसांची रजा मिळते, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, ज्यांना गणपतीत रेल्वेची प्रतीक्षायादी तीनशेच्या वर दिसते, त्यांना तासाभराच्या विमानाची किंमत कळते. आमची तक्रार विमानतळ बांधल्याची नाही. बांधल्यावर तो चालवायचा कोणी, हे कोणी ठरवले नाही, ही आमची तक्रार आहे.

हिशेबनीस

‘उडान’चा उल्लेख आलाच आहे, तर आकडे पाहू. पहिले विमान २०१७ च्या एप्रिलमध्ये शिमल्याहून दिल्लीला उडाले. योजनेची कल्पना अशी की साधारण तासाभराच्या प्रवासाच्या ठरावीक आसनांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास मर्यादित ठेवायचे, कंपनीला पडणारी तूट अनुदानाने भरून काढायची आणि तीन वर्षे त्या मार्गावर तिला एकटीला उडू द्यायचे, म्हणजे तेवढ्या काळात मार्गाला प्रवाशांची सवय लागेल आणि पुढे अनुदानाची गरज उरणार नाही.

महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांपैकी ३७१ मार्गांवर उड्डाणे सुरू झाली, ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मुदतीनंतर २०२३ च्या मार्चपर्यंत टिकले ते फक्त ५४. सवय लागण्याची अपेक्षा किती फोल ठरली, ते यावरून दिसते. माझ्या मते चूक अनुदान देण्यात नाही, ते तीन वर्षांत थांबेल असे गृहीत धरण्यात आहे. एसटीची तोट्यातली फेरी आपण तीन वर्षांनी बंद करतो का?

उगाच_एक

करतात की. आमच्या गावाची केली.

नॉर्डिक_नाना

हिशेबनीस यांचा मुद्दा मला अगदी पटतो, कारण मी जिथे राहतो तिथे विमान म्हणजे खरोखरच एसटी आहे. मी नॉर्वेच्या उत्तर भागातील बोडो या गावी असतो. इथे १९६८ पासून सरकारने किनाऱ्यावर आणि बेटांवर सुमारे आठशे मीटरच्या आखूड धावपट्ट्या बांधण्यास सुरुवात केली. विदेरो नावाची कंपनी त्यांवर डॅश ८ विमाने चालवते. एक विमान दोन-तीन गावी उतरत, चार माणसे उतरवत, पाच माणसे घेत पुढे जाते. मधल्या थांब्यावर आपण आसनावरच बसून राहायचे. प्रवाशांत कोण असतात? तपासणीसाठी शहरातल्या रुग्णालयात निघालेले म्हातारे, शाळेच्या सामन्यांना जाणारी मुले, तेलाच्या कामावरचे कामगार. पर्यटक फक्त उन्हाळ्यात.

असे मार्ग सरकार काही वर्षांच्या कराराने चालवायला देते. करार संपला की नवी निविदा निघते आणि सेवा चालूच राहते. तोटा होणार हे सर्वांनी मान्यच केलेले आहे. २०२४ च्या एप्रिलपासून तर या मार्गांवरील कमाल भाडे निम्म्यावर आणण्यात आले.

मात्र इथेही सगळे गोडगुलाबी नाही. लोफोटेन द्वीपमालिकेतल्या वॅरोय बेटावर विमानतळ होता, पण डोंगराच्या कुशीत असल्यामुळे तिथले वारे फार विचित्र. १९९० मध्ये उड्डाण करताच एक ट्विन ऑटर जोरदार वाऱ्यात कोसळले आणि त्यातील पाचही जण दगावले. त्यानंतर तो विमानतळ कायमचा बंद झाला आणि आज त्या बेटावर बोडोहून हेलिकॉप्टर जाते. जागा चुकली तर पैसा ओतूनही उपयोग होत नाही, हे मान्य करायला धैर्य लागते आणि ते त्यांनी दाखवले.

सोन्याची_खाण

नाना, जागा चुकण्यावरून सेंट हेलेना आठवले. मी जोहान्सबर्गला राहते आणि तिथले विमान इथूनच सुटते. दक्षिण अटलांटिकमधले हे एकाकी बेट, नेपोलियनला जिथे कैदेत ठेवले ते. पूर्वी केपटाऊनहून टपालबोटीने जायला पाच-सहा दिवस लागत. ब्रिटिश सरकारने सुमारे साडेअठ्ठावीस कोटी पौंड खर्चून तिथे विमानतळ बांधला. २०१६ मध्ये उद्घाटन व्हायचे होते, पण चाचणीच्या उड्डाणांत कळले की कड्यावर आपटून वर येणारा वारा धावपट्टीच्या टोकाशी धोकादायक रीतीने दिशा बदलतो. उद्घाटन पुढे गेले आणि ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी त्याला जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ ठरवून टाकले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मोठ्या विमानाचा हट्ट सोडून सुमारे शंभर आसनांचे, त्या वाऱ्याला तोंड देऊ शकणारे विमान निवडण्यात आले आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजी नियमित सेवा सुरू झाली. बेटाजवळ दुसरे उतरण्याचे ठिकाण नसल्यामुळे, उतरता आले नाही तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत परत येण्याइतके इंधन विमानात ठेवावे लागते. तिथे निघालेल्या प्रवाशाने परतीच्या तारखेला लागूनच पुढचे तिकीट काढू नये, हा सल्ला इथला प्रत्येक जण देतो. घाटमाथा यांना विचारावेसे वाटते की चार-साडेचार हजार लोकांसाठी एवढा खर्च योग्य होता का? माझे उत्तर हो असे आहे, पण ते मी बेटावरच्या गरोदर स्त्रीच्या जागी स्वतःला ठेवून देते.

घाटमाथा

सेंट हेलेना बेट आहे, मग माझे आणि आपले म्हणणे एकच झाले. बेटाला विमानतळ ही गरज आहे, जमिनीवरच्या जिल्ह्याला ती सोय आहे. गरजेसाठी तोटा सोसावा, सोयीसाठी का सोसावा?

डॉ_दर्या

गरज आणि सोय यांतली रेघ इतकी सरळ नसते, असे मला वाटते. लक्षद्वीपमध्ये काही काळ नोकरी केल्यामुळे अगत्तीच्या विमानतळाशी माझा बराच संबंध आला. १९८८ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ बेटाच्या दक्षिणेकडच्या निमुळत्या टोकावर आहे. धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची आहे. उतरताना डावीकडच्या खिडकीतूनही पाणी दिसते आणि उजवीकडच्याही, तेव्हा पहिल्यांदा येणारे प्रवासी गप्प होतात आणि बेटावरची माणसे मात्र पिशव्या आवरायला लागलेली असतात. बाहेरून येणाऱ्याला परवाना दाखवावा लागतो. कोचीहून विमानाने साधारण दीड तास लागतो, तर जहाजाने चौदा ते अठरा तास.

वेळापत्रकाचे विमान हा या विमानतळाचा एक भाग झाला. गंभीर रुग्ण आला की आम्ही आधी आकाशाकडे पाहायचो, मग रुग्णाच्या नाडीकडे. इतर बेटांवरून हेलिकॉप्टरने रुग्ण आणला जाई आणि पुढे कोचीला पाठवला जाई. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना बोटींवर विसंबता येत नाही, तेव्हा धावपट्टी चालू आहे एवढ्याच माहितीवर आमचे निर्णय फिरत. बॅरालाही हेच आहे. रात्री तिथे दिव्यांची सोय नाही, पण रुग्णासाठी विमान यायचेच असेल तर वाळूवर चकाकत्या पट्ट्या अंथरून मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात ते उतरवल्याचे प्रसंग घडले आहेत. स्कॉटलंडच्या बेटांवरून रुग्ण विमानाने हलवण्याची सुरुवात १९३३ इतकी जुनी आहे.

आता घाटमाथा यांना माझा प्रश्न. गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून मेंदूतील रक्तस्रावाचा रुग्ण नागपूरला न्यायचा असेल, तर तो रुग्ण बेटावर नाही असे आपण म्हणाल का?

घाटमाथा

नाही म्हणणार. पण त्यासाठी हेलिपॅड आणि हेलिकॉप्टर लागेल, अडीच हजार मीटरची धावपट्टी आणि काचेची इमारत लागणार नाही.

डॉ_दर्या

हे मान्य. काचेच्या इमारतीविषयी माझाही आग्रह नाही.

हुरडापार्टी

इमारतीपेक्षा चिमणीचे बोला. सोलापूरला विमानतळ जुना होता, पण उड्डाणाच्या मार्गात साखर कारखान्याची चिमणी येत होती. ती ठेवावी की पाडावी यावर शहरात जी दुफळी झाली, तिची कल्पना बाहेरच्यांना येणार नाही. ज्याचा ऊस त्या कारखान्याला जातो त्याला चिमणी हवी, ज्याची मुले बंगळूरला नोकरीला आहेत त्याला विमान हवे, आणि एकाच घरात ही दोन्ही माणसे असायची. १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडली. विमान मात्र लगेच आले नाही. गोव्याची सेवा सुरू व्हायला २०२५ चा जून उजाडला. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचेही असेच, तिथे पहिले मुंबईचे विमान आले १६ एप्रिल २०२५ ला.

मी स्वतः प्रवासी म्हणून एवढेच सांगेन की छोट्या विमानतळाची परीक्षा विमान वेळेवर आल्यावर होत नाही, ते न आल्यावर होते. राज्यातल्याच एका छोट्या विमानतळावर (नाव सांगत नाही) आमचे विमान आले नाही, तेव्हा दुपारी तीनपर्यंत ‘थोड्या वेळात कळवतो’ एवढेच उत्तर मिळत राहिले. उपाहारगृहात बिस्किटांचे पुडे संपले होते. शेवटी रद्द झाल्याचे कळले ते आमच्यापैकी एकाच्या भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशामुळे. सर्वांत जवळच्या रेल्वे स्थानकावर जायला रिक्षा नव्हती, कारण रिक्षावाले विमान आल्यावरच येतात. पैसे परत मिळाले, ते नाकारत नाही. पण पैसे परत मिळणे म्हणजे मुक्कामाला पोहोचणे नव्हे.

एटीआर_प्रेमी

हुरडापार्टी, आपला मुद्दा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. याच कारणाने मला प्रशांत महासागरातले एक उड्डाण फार आवडते. होनोलुलूहून ग्वामपर्यंत मार्शल बेटे आणि मायक्रोनेशिया यांतल्या अनेक ठिकाणी उतरत जाणाऱ्या या विमानात कंपनीचा एक यांत्रिक कारागीर आणि काही सुटे भाग बरोबर असतात. वाटेतल्या बेटावर बिघाड झाला, तर दुरुस्त करणारा दुसरा कोणी तिथे नसतो, हे आधीच गृहीत धरलेले आहे.

कुडाळकर_सध्या_पुणे

हेच म्हणतो आहे मी! विमान आले नाही तर चिपीहून कुडाळ स्थानकापर्यंत एसटीची एक गाडी आणि त्या दिवशीच्या रेल्वेत चार आसने, एवढी व्यवस्था कागदावर असती, तरी लोकांनी तिकिटे काढली असती. विमान, एसटी आणि रेल्वे ही तीन खाती एकमेकांशी बोलत नाहीत आणि प्रवासी तिघांच्या मध्ये बॅग घेऊन उभा.

ग्रॅनाइटनगर

मी ॲबर्डीनला राहतो आणि कामानिमित्त उत्तरेकडच्या बेटांवर नेहमी जातो, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. पण त्याआधी बाबांसाठी दोन गमती. ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातले सर्वांत छोटे नियमित उड्डाण आहे. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दीड-दोन मिनिटे, आणि वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांतही झालेले आहे. आठ प्रवाशांचे आयलँडर विमान, सुरक्षा तपासणी नाही, वजन पाहून कोणी कुठे बसायचे ते ठरते आणि नशीब असेल तर वैमानिकाशेजारची जागा मिळते. त्याच द्वीपसमूहात ईडे बेटावरच्या धावपट्टीला लोक लंडन विमानतळ म्हणतात, कारण ती लंडनच्या उपसागराकाठी आहे. गायींच्या कुरणाशेजारी लंडन विमानतळाच्या पाटीखाली छायाचित्र काढून घ्यायचे असेल, तर ऑर्कनीला जा.

उगाच_एक

सासऱ्यांना ‘लंडन एअरपोर्टवर आहे’ असे खरे सांगता येईल. उपयुक्त धागा.

ग्रॅनाइटनगर

आता बॅरा. मे महिना निवडलात हे उत्तम केलेत, कारण दिवस मोठा असतो आणि हिवाळ्यातली वादळे सरलेली असतात. विमान आणि बोट यांपैकी एकच निवडू नका. जाताना विमान घ्या आणि येताना बोट. बॅरावरच्या कॅसलबे बंदरातून ओबानला बोटीने, आणि ओबानहून ग्लासगोला रेल्वेने साधारण तीन तास, शिवाय तो रेल्वेमार्ग फारच देखणा आहे. उलट क्रमाने जाऊ नका. सुट्टीच्या सुरुवातीला विमान रद्द झाले तर ग्लासगोत आपले घर आहे, शेवटी रद्द झाले तर बेटावर खोली शोधावी लागेल.

विमानात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ट्विन ऑटरमध्ये स्वच्छतागृह नसते. प्रवास तासाभराहून थोडा अधिक असला, तरी सत्तरीच्या माणसांना हे आधी सांगितलेले बरे. दुसरे म्हणजे आतले छत खाली आहे, वाकून चालावे लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा. उतरल्यावर आपण वाळूवरून चालत छोट्याशा इमारतीकडे जातो. सामान बाहेर बसथांब्यासारख्या एका आडोशात आणून ठेवतात, तिथून आपले आपण उचलायचे. आतले उपाहारगृह चांगले आहे. पुळणीवर शिंपले वेचणारे स्थानिक लोक दिसतील. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडकत असेल तेव्हा धावपट्टीच्या भागात जाऊ नये, अशी पाटी आहे, तेवढी मात्र पाळावी.

धुके आले आणि बॅराला उतरता आले नाही, तर जवळच्या बेन्बेक्युला बेटावरचा विमानतळ हा पुढचा पर्याय असतो. तिथून समुद्रावरच्या भराव-रस्त्यांनी एरिस्के बेटापर्यंत मोटारीने जाता येते आणि पुढे चाळीस मिनिटांच्या बोटीने बॅरा. हुरडापार्टी म्हणतात ती परीक्षा इथे कशी द्यायची, हे निदान लोकांना ठाऊक तरी आहे. या भागातले अकरा विमानतळ चालवणारी कंपनी स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे, बॅराचा मार्ग सरकारी अनुदानावर चालतो आणि बेटांवरच्या रहिवाशांना भाड्यात निम्मी सवलत आहे. ती सवलत आपल्याला मिळणार नाही, आपण ग्लासगोचे.

नॉर्डिक_नाना

रविवारचेही सांगा. त्या बेटांवर रविवारी काही चालत नाही असे ऐकले होते.

ग्रॅनाइटनगर

नाना, ते उत्तरेकडच्या लुईस बेटाचे. तिथे रविवार कडक पाळतात. स्टॉर्नोवे विमानतळावर रविवारी पहिले विमान आले २००२ च्या ऑक्टोबरात, तेव्हा लोक स्तोत्रे म्हणत निषेधाला उभे राहिले होते. बॅराचा पंथ वेगळा, तिथे एवढे कडक वातावरण नाही. मात्र रविवारी दुकाने आणि बस यांची चौकशी आधी करावी.

क्लाइडकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ग्रॅनाइटनगर यांनी सांगितल्याप्रमाणे जाताना विमान आणि येताना बोट हेच नक्की करते. भरतीच्या तक्त्यांवरून दुपारची उड्डाणे असलेले दिवस निवडते, म्हणजे आईला पहाटे उठावे लागणार नाही. बाबांना धागा वाचून दाखवला. ते म्हणतात की हुरडापार्टी यांच्याशी त्यांचे शंभर टक्के एकमत आहे आणि घाटमाथा यांच्याशी भांडायला ते परत आल्यावर सभासद होणार आहेत. आता एकच प्रश्न उरला. कुडाळहून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर त्यांनी कसे पोहोचावे? मोपाहून मुंबईचे विमान घ्यावे का?

घाटमाथा

जरूर या, वाट पाहतो.

कुडाळकर_सध्या_पुणे

मोपाहून विमाने भरपूर आहेत, पण वेगळे तिकीट काढून त्याच दिवशी लंडनचे विमान पकडायचा बेत करू नका. पहिले विमान चुकले तर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. एकतर मोपापासून ग्लासगोपर्यंत सलग एकच तिकीट काढा किंवा आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम ठेवा. मुक्कामच करायचा असेल तर रात्रीची कोकणकन्या सर्वांत सोयीची, पहाटे दादरला उतरून दिवसभर विश्रांती घेता येते. फक्त आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि मे महिन्यात पहिल्या काही मिनिटांत संपते, तेव्हा लंडनच्या तिकिटाची तारीख ठरली की लगेच साठ दिवस मागे मोजून ठेवा. कोटा कुडाळचा बघा. कुडाळला संपला असेल तर सावंतवाडीहून तिकीट काढून कुडाळला चढण्याचे स्थानक नोंदवता येते.